सतराचा उपास

हे कणाकणात नांदणाऱ्या दयाघना, डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीच्या पोटातही तूच चूल मांडलीस. अन्न संपले की ती पेशी आपले जुने, मोडके, वापरून झिजलेले सामान स्वतःच्याच चुलीत घालते, त्या धगीवर चार दिवस काढते आणि पुन्हा उभी राहते; हे शहाणपण तिला तू दिलेस. आणि ज्या गाठीने माणूस खंगतो, त्या गाठीच्या पेशीलाही तेच शहाणपण दिलेस, हात न आखडता दिलेस. का दिलेस, हे तुला विचारण्याची आमची प्राज्ञा नाही. पण एका बाईने ते विचारले. अकरा वर्षे विचारले. रोज सकाळी साडेआठला पांढरा कोट चढवून, हातमोजे घालून, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून विचारले. तिची कथा सांगण्यापुरते बळ या लेखणीला दे, आणि सांगताना तिच्यावर अन्याय होणार नाही एवढी माया दे.

संशोधन संस्थेत त्या बाईंना सगळे उपासबाई म्हणत. नाव ठेवले होते टाकीवाल्या काकांनी. तळघरात द्रवरूप नायट्रोजनच्या मोठ्या टाक्या होत्या, त्यांत गोठवलेल्या पेशींच्या कुप्या असत, आणि त्या टाक्यांची राखण काकांकडे होती. नव्या माणसाला बाईंची ओळख करून देताना ते म्हणत, "लोक स्वतः उपास करतात, या दुसऱ्यांकडून करवून घेतात. आणि वर तासातासाला जाऊन विचारतात, कसं वाटतंय?"

थट्टा खरी होती. कर्करोगाच्या पेशी काचेसारख्या बाटलीत वाढवायच्या, मग त्यांचे अन्न काढून घेऊन नुसते खारे पाणी द्यायचे, आणि उपाशी पेशी स्वतःला कशी खाऊन जगते ते पाहायचे, हे बाईंचे काम. शास्त्रात याला स्वभक्षण म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे ऑटोफॅजीच म्हणत. पेशी स्वतःला खाऊ लागली की तिच्या अंगात हिरवे चमकते ठिपके उमटतील, अशी तजवीज बाई करून ठेवत. अंधाऱ्या खोलीत ते ठिपके मोजायचे. औषधाने आणि उपासमारीने गाठ मरत नाही ती याच विद्येच्या जोरावर. ही विद्या कुठे अडवता येईल, ते शोधायचे.

तिसऱ्या मजल्याच्या टोकाला त्यांची खोली. पेशींना जंतू लागू नयेत म्हणून सतत घुमणारे हवेचे कपाट, त्याला पुढून काचेचा पडदा. शेजारी अंगाइतके ऊबदार दुसरे कपाट, त्यात बाटल्या. एक पाय आखूड असलेले स्टूल, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. आणि काचेवर बाईंच्याच वळणदार अक्षरातला कागद: ‘एका वेळी एकच पेशी. एकीची अन्नाची बाटली दुसरीला नाही. घाई असेल तर काम करू नये.’ हा कागद, वाचकहो, नीट ध्यानात ठेवावा.

बाईंची सगळ्यांत लाडकी बाटली होती सतरा. सतरा म्हणजे त्यांच्या आईच्या गाठीच्या पेशी.

आई शिवणकाम करी. नवरा लवकर गेला, पदरात दोन मुले; थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत चूल. जेवणाची वेळ झाली की आई मशीनवरूनच सांगे, "तुम्ही जेवून घ्या, मला भूक नाही." ओठांत टाचण्या धरलेल्या असत, त्यामुळे ते वाक्य नेहमी दातांतून, अर्धवट यायचे. मुलांना ते तसेच पाठ झाले. भूक नसलेली आई: घरातल्या भिंतींइतकी, उंबऱ्याइतकी खरी गोष्ट. मुलगी शिकली, पेशींच्या शास्त्रात रमली, आणि उपाशी पेशीची विद्या प्रथम वाचली तेव्हा मनात म्हणाली, ही तर माझी आई.

पुढे आईच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा संशोधनासाठी मागावा की मागू नये, या विचाराने मुलगी दोन दिवस घुटमळली. आईनेच विषय संपवला. "घे की. उरलेलं कापड नाहीतरी फेकूनच देतात." मग जरा थांबून म्हणाली, "पण त्या मेलीला माझं नाव देऊ नकोस." म्हणून नाव दिले नाही. खाटेचा क्रमांक सतरा होता, तोच बाटलीवर लिहिला.

पहिले तीन महिने सतरा रडतखडत वाढली. आठवड्याला थोड्याशा पेशी, त्याही मरगळलेल्या. आणि मग आई गेली, आणि त्या महिन्यात सतराने बाळसे धरले. पाहता पाहता बाटल्या भरू लागल्या. उपासाला बसवली तर इतर गाठींच्या पेशी दोन दिवसांत माना टाकत. सतरा सहा दिवस जगे. हिरव्या ठिपक्यांनी रात्रीच्या आभाळासारखी भरून जाई. बाईंनी ते पाहिले आणि त्यांचे डोळे वाहू लागले. शास्त्रज्ञाने आनंदाच्या वेळी संशय घ्यावा, हे त्यांना कळत होते. पण जे दिसले ते इतके ओळखीचे होते! उपाशी राहून सगळ्यांना पुरून उरणे. हेच तर तिने जन्मभर केले होते. ओळखीच्या माणसाकडे ओळखपत्र कोण मागतो?

बाईंनी शोधनिबंध लिहिला: स्वादुपिंडाची गाठ स्वभक्षणाच्या बळावर दीर्घ उपास सोसते. तो देशोदेशी वाचला गेला. मग दुसरा लिहिला. दोन्हींच्या शेवटी आभाराची एकच ओळ: ‘जिने दिले आणि नाव नको म्हणाली, तिचे ऋण.’

घरी मात्र या कीर्तीला कुणी भीक घालत नव्हते. बाईंनी लग्न केले नव्हते. दादा आणि वहिनी खाली, बाई वर, स्वयंपाकघर एक. दादाचे चष्म्यांचे दुकान होते. स्वभावाने माणूस वाईट नव्हता, पण बहिणीपुरती त्याची जीभ अकरा वर्षे कडूच राहिली होती. कारण आईने प्राण सोडला तेव्हा खाटेपाशी दादा होता आणि मुलगी नव्हती. मुलगी प्रयोगशाळेत सतराला अन्न घालायला गेली होती. रविवारीही ती पेशींना पाहायला जाऊन परतली की दादा ताटावरून मान न उचलता विचारी, "आलीस का बाटलीतल्या आईला जेवू घालून?"

"अहो, असू द्या ना," वहिनी म्हणे. "वन्सं, तुम्ही हात धुऊन बसा. मला भूक नाहीये अजून, मी मागून घेईन."

बाई उत्तर देत नसत. त्यांच्याजवळ उत्तर होते. ते त्या मनात ठेवीत. मी त्या वेळीही आईजवळच होते, दादा. तू एका आईजवळ होतास, मी दुसऱ्या. तुझी गेली, माझी आहे. या एका उत्तरावर त्या अकरा वर्षे जगल्या.

तिसऱ्या शोधनिबंधाच्या वेळी नियतकालिकाने नवा नियम कळवला: पेशी ज्याच्या म्हणून लिहिल्या आहेत त्याच्याच आहेत याची तपासणी जोडावी. माणसाच्या बोटाचा ठसा असतो तसा पेशीचाही एक ठसा काढता येतो. बाईंनी सतराचा नमुना पाठवला, आणि विसरूनही गेल्या. दोन आठवड्यांनी अहवाल आला. त्यात लिहिले होते की ही पेशी स्वादुपिंडाची नाही. दुसऱ्याच एका अवयवाच्या गाठीची, जगभर शेकडो प्रयोगशाळांत वाढवली जाणारी, कुणालाही विकत मिळणारी पेशी आहे.

बाईंनी अहवाल तीनदा वाचला. मग उठल्या आणि जुन्या नोंदवह्या काढून बसल्या. परकी पेशी शिरली असेल तर केव्हा शिरली? चोर कोणत्या दाराने आला?

दार सापडायला एक दुपार पुरली. ती पेशी त्या काळात त्यांच्या शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीच्या बाटलीत होती. मैत्रीण बाळंतपणाच्या रजेवर गेली होती आणि शेजारधर्म म्हणून तिच्या पेशींना अन्न घालण्याचे बाईंनी कबूल केले होते. तारीख होती आई गेली तीच. त्या दिवशी दुपारी बाई रुग्णालयातून धावत आल्या होत्या. दोन्ही बाटल्यांचे अन्न बदलायचे होते. अन्न आधी कोमट करावे लागते, त्याला अन्नाच्या एका बाटलीमागे वीस मिनिटे लागतात, आणि कोमट पाण्याच्या भांड्यात एका वेळी एकच बाटली मावते. दोन बाटल्या कोमट करायला वेळ नव्हता. बाईंनी एकच केली. आधी मैत्रिणीच्या पेशींना घातले, मग तीच नळी पुन्हा अन्नाच्या बाटलीत बुडवून सतराला घातले. नोंदवहीत दोन ओळी एकाखाली एक, अन्नाच्या बाटलीचा क्रमांक एकच. एक थेंब, थेंबात एखादी पेशी. ती राक्षसी भुकेची, झपाट्याने वाढणारी. तिने महिन्याभरात आईच्या अशक्त पेशींना ढकलून घर बळकावले, आणि लेकीने तिचे बाळसे पाहून डोळे पुसले.

वीस मिनिटे वाचवली होती ती आईकडे लवकर पोचावे म्हणून. त्याच वेळी बाहेर खुंटीला टांगलेल्या पर्समध्ये फोन वाजत होता. हातात मोजे होते, म्हणून त्यांनी घेतला नाही. पोचल्या तेव्हा आईला जाऊन दहा मिनिटे झाली होती.

दुसऱ्या दिवशी बाई विभागप्रमुखांकडे गेल्या. त्यांनी अहवाल डोळ्यांखालून घातला आणि तो पालथा ठेवला.

"स्वभक्षण झालं ना? ठिपके दिसले ना?"

"दिसले, सर."

"मग पेशी कुणाची, याने काय बिघडतं?"

"आपण लिहिलंय की स्वादुपिंडाच्या गाठीला उपास सोसतो. त्यावर भरवसा ठेवून लोक औषधांची आखणी करताहेत, सर. ही ती गाठच नाही."

"अकरा वर्षं कुणी विचारलं नाही."

"आता विचारलंय."

"बाई, तुम्ही शास्त्रज्ञ आहात की साक्षीदार? तिसरा निबंध मागे घ्या, गाजावाजा न करता. पहिले दोन आहेत तिथे राहू देत. माझी निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. मला शांतपणे जाऊ द्या."

बाई तिथून निघाल्या त्या थेट तळघरात उतरल्या. त्या तारखेच्या आधी गोठवलेली सतराची एकच कुपी शिल्लक होती, आई जाण्याच्या चार दिवस आधीची. ती खरी असेल तर आईची पेशी जगात फक्त तेवढीच. तीही परकी निघाली, तर काहीच नाही. तपासायचे तर कुपी वितळवावी लागणार होती.

काकांनी वहीत खण शोधला, पण जाड हातमोजे घालायला ते उठेनात.

"बाई, एकदा बाहेर काढली की परत आत जात नाही. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"आत असली तर आई टाकीत आहे असं म्हणता येतं. माझंच बघा. बायकोचा आवाज जुन्या फोनमध्ये आहे. मी तो फोन चालूच करत नाही. बॅटरी फुगलीय, लागला तर एकदाच लागेल. पण कपाटात आहे, एवढं पुरतं मला."

"काका, तो आवाज तिचाच आहे हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या कुपीचं मला माहीत नाही."

काकांनी हातमोजे चढवले. झाकण उघडताच पांढरी वाफ टाकीच्या काठावरून जमिनीवर सांडली आणि बोटाच्या पेराएवढी कुपी चिमट्यात वर आली. "जपून न्या," एवढेच ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी थट्टा केली नाही.

बाईंनी कुपी कोमट पाण्यात धरली. आत बर्फाचा शेवटचा खडा उरेपर्यंत मिनिटभर धरली. शंभरातल्या चाळीस पेशी जिवंत निघाल्या. त्यांचे तीन वाटे केले. एक वाटा तपासणीला, सोबत बाईंनी स्वतःचे रक्त दिले. दुसरा वाटा अन्नात ठेवला. तिसऱ्याला खारे पाणी दिले, कारण अकरा वर्षांचा प्रश्न अजून विचारायचा होता. हातातली शेवटची पेशी उपाशी ठेवताना त्यांचे मन किती रक्तबंबाळ झाले असेल, हे ज्याचे त्याने जाणावे. या खेपेला अन्नाची बाटली वेगळी, नळी वेगळी, आणि वीस मिनिटे पूर्ण.

उपाशी पेशींत ठिपके उमटले, थोडे, फिकट. पहिल्या दिवशी त्या तळाला चिकटून होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी एकेक सुटू लागली, गोल होऊन पाण्यावर तरंगू लागली. संध्याकाळपर्यंत सगळे संपले. सहा दिवस नव्हे. पुरते दोनही नव्हेत.

अन्नातल्या पेशी तग धरून होत्या, पण वाढत नव्हत्या. नवव्या दिवशी अहवाल आला. त्यात दोनच ओळी कामाच्या होत्या. सध्याच्या बाटलीतल्या पेशींचा रक्त देणाऱ्या व्यक्तीशी कोणताही संबंध नाही. जुन्या कुपीतल्या पेशींचा आहे. आई आणि मुलगी असा आहे. बाईंनी दुसरी ओळ बोटाने चाचपली. अकराव्या दिवशी त्या पेशीही सुटून तरंगू लागल्या. बाईंनी नियमाप्रमाणे बशीत जंतुनाशक ओतले, दहा मिनिटे थांबल्या आणि बशी रिकामी केली.

मग त्यांनी विभागप्रमुखांना न विचारता पत्र लिहिले. तिसरा शोधनिबंध तर मागे घेतलाच, छापलेले दोन्हीही मागे घेतले. चूक कोणत्या तारखेला, कोणत्या बाटलीने, कुणाच्या हातून झाली तेही लिहिले. आई गेल्याचे लिहिले नाही, कारण ते शास्त्रात बसत नव्हते. उत्तरे आली. दूरदेशीच्या एका प्रयोगशाळेने त्यांच्या निबंधावर तीन वर्षे इमला रचला होता. तिच्या प्रमुखाने लिहिले, ‘कळवल्याबद्दल आभार. माझ्या दोन विद्यार्थ्यांना हे कसं सांगावं, तेही कळवा.’ संस्थेच्या बैठकीत पारदर्शकतेबद्दल विभागाचे अभिनंदन झाले आणि विभागप्रमुखांनी ते नम्रपणे स्वीकारले. बाईंची खोली दुसऱ्याला मिळाली. त्यांना तळमजल्यावर नव्या लोकांना प्रयोगशाळेचे नियम शिकवण्याचे काम दिले गेले. पहिलाच नियम: एका वेळी एकच पेशी. तो कागद अजून त्यांच्याच अक्षरातला आहे; फक्त आता त्याच्या प्रती काढल्या आहेत.

रविवारी दुपारी बाई वेळेवर जेवायला बसल्या. दादाने घड्याळाकडे पाहिले.

"आज गेली नाहीस? बाटलीतली आई रुसली की काय?"

"ती आई नव्हती, दादा," बाई म्हणाल्या. आणि पहिल्यांदाच त्यांनी सगळे सांगितले. मैत्रिणीच्या पेशी, एकच कोमट बाटली, वीस मिनिटे, न घेतलेला फोन. अकरा वर्षे पोसली ती परकी होती हे सांगितले.

दादा ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तू तिथेही नव्हतीस."

वहिनीच्या हातातला डाव भांड्यावर आपटला. "अहो!"

"नव्हते," बाई म्हणाल्या. "शेवटी एक कुपी होती, ती खरी निघाली. तिला उपाशी ठेवून पाहिलं. दोन दिवससुद्धा टिकली नाही. पेशी म्हणजे माणूस नव्हे, मला माहीत आहे. पण दादा, आपल्याला कुणी सांगितलं होतं की आईला भूक लागत नाही? तिनेच ना?"

दादाचा घास हातातच राहिला. बराच वेळ त्याने तो ना तोंडात घातला ना ताटात ठेवला.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "दुपारी तिने डोळे उघडले. म्हणाली, भूक लागलीय रे. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली. डॉक्टरांनी मना केलं होतं, तोंडाने काही द्यायचं नाही म्हणून. मी म्हटलं, थोडं थांब, धाकटी येऊ दे, तिला विचारू. तिला कळतं त्यातलं." त्याने घास ताटात ठेवला. "म्हणून फोन करत होतो."

अकरा वर्षांची कडू जीभ ती हीच होती. कुणी कुणाला क्षमा केली नाही. क्षमा करायला जी हवी होती ती तिथे नव्हती. वहिनीने सवयीने दोघांच्या ताटांत आणखी वाढले, आणि स्वतःचे ताट न घेताच मागे सरत म्हणाली, "तुम्ही जेवा निवांत. मला काही भूक नाही."

भाऊ-बहिणीने एकाच वेळी मान वर केली. बाई उठल्या, फळीवरून तिसरे ताट काढले, आणि दादाने सरकून जागा केली.

हे दयाघना, या बाईचे हात स्थिर राहोत आणि तिने खरे सांगितल्याचे ओझे तिला एकटीला वाहावे न लागो. त्या भावाच्या घशात अडकलेला अकरा वर्षांचा घास खाली उतरो. ज्या विद्येने गाठ जगते, ती विद्या अडवण्याचा मार्ग कुणाच्या का हातून होईना, सापडो. आणि त्या घरात यापुढे जिला भूक लागेल तिने ती मोठ्याने सांगावी, सांगितल्याबरोबर तिचे ताट वाढले जावे, आणि तिन्ही ताटे एकाच वेळी मांडली जावीत. एवढे दान त्या उंबऱ्याला दे.